आधी ऊन, मग पाऊस: उघड्या जीपच्या चामडी सीटचं विज्ञान

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिककरांची सावली भर दुपारी पायाखाली नाहीशी होते. शहर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २१ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा हा दिवस पाहायला शाळकरी मुलं अंगणात काठी उभी करतात. त्याच वेळी रस्त्याकडेला टप काढून उभ्या असलेल्या जीपच्या सीटवर काय चाललं आहे, तेही पाहण्यासारखं असतं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य सत्तेचाळीसेक अंशांच्या वर चढत नाही आणि ऊन तिरपं पडतं. मे महिन्यात तेच ऊन आडव्या बैठकीवर सरळ लंब कोसळतं. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊर्जा पोहोचते, म्हणजे पाव चौरस मीटरच्या बैठकीवर २५० वॅट. काळं चामडं त्यातलं बहुतेक पिऊन टाकतं आणि त्याचा पृष्ठभाग ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो.

सूर्य पुन्हा डोक्यावर येतो तो २२ जुलैच्या सुमारास. तेव्हा तो बहुधा ढगांआड असतो आणि सीट ओली असते. नाशिकच्या हवामानाचा हा क्रम, आधी तीन महिने कोरडं रखरखीत ऊन आणि त्यानंतर पाऊस, चामड्याच्या मुळावर येतो. नुसतं ऊन चामडं बरंच सोसतं, नुसता पाऊसही सोसतं. उन्हाने आतून कमजोर झालेलं चामडं भिजलं आणि भिजलेलं असतानाच पुन्हा तापलं, की मात्र ते कायमचं बिघडतं. शहरातल्याच सातपूरच्या कारखान्यात थार ही जीप तयार होते. पावसाळ्यात त्र्यंबक, पहिने, घोटीच्या रस्त्यावर टप उघडलेल्या जीप रांगेने दिसतात. अशा शहरात ही गोष्ट गाडीवाल्यांना नीट ठाऊक असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

चामडं नाजूक असतं, हा समज आधी काढून टाकायला हवा. मोट चामड्याची होती, पखालही चामड्याचीच होती. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात श्रीमंतांच्या काही गाड्यांत चालक उघड्यावर बसायचा आणि मालक मागच्या बंद भागात. त्या गाड्यांत चालकाची सीट चामड्याची असे, मालकाची उंची कापडाची. उघड्यावर टिकेल असं त्या काळचं सर्वांत भरवशाचं आच्छादन चामडंच होतं.

ही ताकद येते कोलॅजेन या प्रथिनातून. कोलॅजेनच्या रेणूत तीन साखळ्या वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात. ही रचना १९५४ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचे नमुने क्ष-किरणांखाली तपासले होते. जनावराच्या कच्च्या कातडीतली ही वीण पाण्यात सुमारे ६० ते ६५ अंशांना उसवते आणि कातडी एकदम आकसते. कातडी कमावणं म्हणजे या पेडांना आणखी टाके घालणं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं ओलं असताना ७५ ते ८५ अंशांपर्यंत तग धरतं, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर. मोटारींच्या सीटसाठी आता क्रोमविरहित चामडंही बरंच वापरतात आणि त्याची मर्यादा साधारण सत्तरीच्या घरात असते.

यातला ‘ओलं असताना’ हा भाग फार महत्त्वाचा आहे. कोरडं चामडं याहून कितीतरी जास्त उष्णता सहन करतं, कारण पेडांना धरून ठेवणारे बंध सैल करायला आत पाणीच नसतं. म्हणूनच मे महिन्यात ७० अंशांना तापलेली कोरडी सीट लगेच आकसत नाही.

तरीही उन्हाचं काम आतून चालूच असतं. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा ऊर्जेच्या हिशेबाने जेमतेम पाच टक्के. मात्र ३५० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेल्या एका प्रकाशकणात कार्बनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला लागते जवळपास तेवढी ऊर्जा असते. रंग, वरचा संरक्षक लेप, तंतूंमधलं तेल आणि शेवटी कोलॅजेनच्या साखळ्या, सगळ्यांत हळूहळू तुटफूट होत जाते. हवेतला ऑक्सिजन त्या तुटलेल्या टोकांना चिकटतो आणि साखळ्या आखूड होतात. बंद गाडीत पुढच्या काचेच्या दोन थरांमध्ये असलेला प्लॅस्टिकचा पडदा अतिनील किरणं जवळपास सगळी अडवतो. बाजूच्या काचा त्यांतली निदान जास्त तीव्र किरणं थोपवतात. उघड्या जीपच्या सीटला यातलं काहीच लाभत नाही. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. उंची १००० मीटरने वाढली की अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, तेव्हा मुंबईच्या मानाने थोडी भर पडतेच. ढग आले म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही, कारण पातळ ढगांतून यांतली ८० टक्क्यांपर्यंत किरणं खाली येऊ शकतात.

जुन्या चामडी वस्तू जपणारे संग्रहालयांतले तज्ज्ञ एक सुंदर चाचणी करतात. चामड्याचे दोन-चार तंतू पाण्यात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवायचे आणि ते किती अंशांना आकसतात ते पाहायचं. चामडं जितकं जर्जर, तितकं हे तापमान खाली. फार खराब झालेल्या ऐतिहासिक चामड्यात ते ४० अंशांच्याही खाली गेलेलं आढळतं. आता जीपच्या सीटचा विचार करा. नवी असताना जी सीट ओली असूनही सत्तर-ऐंशी अंश सोसत होती, तिची ही मर्यादा दर उन्हाळ्यागणिक घसरते आहे. वरून काही दिसत नाही, थोडा रंग उडालेला असतो इतकंच. मग वळिवाची सर येते, सीट भिजते, तासाभरात कडक ऊन पडतं आणि मर्यादा ओलांडली जाते. सीट ‘पावसाने’ खराब झाली असं आपण म्हणतो. निम्मं काम मात्र मार्च ते मेच्या उन्हाने आधीच करून ठेवलेलं असतं.

पाणी बाष्पीभवनाने गार करतं, मग ओली सीट इतकी तापेल कशी, हा प्रश्न इथे कुणीही विचारेल. लेप नसलेल्या चामड्याच्या बाबतीत तो रास्तही आहे. पण आजच्या बहुतेक चामडी सीटवर पॉलीयुरेथेनचा रंगीत लेप असतो. तो वरून पाणी आत जाऊ देत नाही, तसंच आतली वाफही वर सहज येऊ देत नाही. वरचा भाग पुसून कोरडा दिसतो, उन्हात झपाट्याने तापतो, आणि खाली चामड्याची अस्तराकडची बाजू ओलीच असते. त्या बाजूला लेपच नसतो.

तिथपर्यंत पाणी पोहोचतं शिवणीतून. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वीस मिलिमीटरची एक जोरदार सर पाव चौरस मीटरच्या बैठकीवर पाच लिटर पाणी ओतते. पाठीवरून ओघळून येणारं पाणी वेगळंच. बैठकीचा मधला भाग खोलगट असतो, तिथे तळं साचतं आणि शिवणीच्या भोकांतून, हवेसाठी ठेवलेल्या बारीक छिद्रांतून ते खालच्या फोममध्ये उतरतं. फोमचे कप्पे एकमेकांना जोडलेले असल्याने तो पाणी शोषून धरतो आणि दिवसेंदिवस सोडत नाही. वरून कोरड्या ठणठणीत दिसणाऱ्या सीटवर बसल्यावर पँट ओली होते ती याच पाण्याने. नाशिक शहरात पावसाळ्यात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर इगतपुरीला तीन हजारांच्या वर. शहरात जी सीट कशीबशी निभावते, तिच्यावर घाटमाथ्यावरच्या एका भिजऱ्या रविवारी फार मोठा भार येतो.

वाळतानाचं नुकसान आणखी वेगळं आहे. कमावल्यानंतर चामड्यात तेल मुरवलेलं असतं, त्यामुळे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि चामडं मऊ राहतं. भिजलेलं चामडं भरभर वाळवलं, की बाहेर पडणारं पाणी या तेलालाही जागचं हलवतं. उघडे पडलेले तंतू एकमेकांना चिकटतात. पुढच्या वेळी कुणी दाबून बसलं की ते वाकण्याऐवजी तुटतात, आणि वर भेग दिसते. म्हणून सीट भिजली की ती उन्हात उघडी टाकायची नाही. आपली पहिली ऊर्मी नेमकी तीच असते, आणि हेअर ड्रायरचीही. त्याऐवजी जाड टॉवेल पसरून गुडघ्याने दाबायचा, घासायचा नाही. टॉवेल पिळून पुन्हा दाबायचा, पाणी यायचं थांबेपर्यंत. मग गाडी सावलीत घेऊन सीटवर टेबल फॅन सोडायचा. बैठक उचलता येत असेल तर खालून वारा लागू द्यायचा, कारण पाणी अडकलंय तिथेच. फोम आतपर्यंत भिजला असेल तर पावसाळी हवेत त्याला दोन-तीन दिवसही लागतात. घाई करू नये. जीपच्या तळाच्या पत्र्याला रबरी बुचं असतात, तीही काढून ठेवावीत म्हणजे साचलेलं पाणी निघून जाईल.

दोन-तीन दिवसांत वाळलं नाही तर बुरशी येते. द्राक्षबागायतदाराला हे शिकवायला नको. पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा अंदाज बांधणारी माणसं आहेत ती. सीटवर बुरशीचं मुख्य अन्न म्हणजे घाम, धूळ आणि तेल. म्हणून पावसाळ्याआधी सीट स्वच्छ करणं उपयोगी पडतं, पण धुण्याच्या साबणाने किंवा सोड्याने नको. चामडं आम्लधर्मी असतं, त्याचा सामू साधारण साडेतीन ते साडेचारच्या आसपास. कपड्यांच्या साबणाचा सामू नऊ-दहा. तो आतलं तेल धुऊन काढतो आणि कमावणीचे टाकेही सैल करतो. चामड्यासाठी मिळणारा सौम्य क्लीनर आणि ओलसर फडकं पुरतं.

सीट खरोखर चामड्याची आहे का, हेही एकदा पाहून घ्यावं. खालची चेन उघडून आतली बाजू तपासा. विणलेलं कापड दिसलं तर ती रेक्झिन किंवा कृत्रिम चामड्याची सीट आहे, आणि तिचं दुखणं वेगळं. पीव्हीसी रेक्झिनला मऊ ठेवणारी द्रव्यं उन्हात उडून जातात आणि ते कडक होऊन तडकतं. पॉलीयुरेथेनचं कृत्रिम चामडं ओलीने रासायनिक रीत्या तुटतं आणि त्याच्या खपल्या पडतात. या दोन्हींना कितीही तेल पाजलं तरी फायदा नाही. आत लोकरीसारखे तंतू दिसले तर चामडं खरं आहे. त्यावर न दिसणाऱ्या जागी पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर लेप शाबूत आहे, पसरून डाग गडद झाला तर लेप नाही किंवा झिजला आहे.

खोबरेल तेल, तूप, बुटाचं पॉलिश यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लावू नये. लेप असलेल्या चामड्यात ते शिरतच नाही, वर धूळ धरून बसतं आणि बुरशीला खाऊ घालतं. चकाकी आणणाऱ्या सिलिकॉनच्या फवाऱ्यानेही सीट फक्त निसरडी होते. चांगल्या कंडिशनरचा उपयोग आहे, पण तो मर्यादित. शिवणी, घड्या आणि लेप झिजलेल्या जागी तो मुरतो. उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर, सीट पूर्ण कोरडी असताना पातळ हात पुरे.

खरं संरक्षण सावलीच करते, आणि नाशिकमध्ये सावलीचं साहित्य शेती सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतं. शेडनेटवर ५० टक्के, ७५ टक्के असा आकडा असतो, तो प्रकाश किती अडतो ते सांगतो. पंचाहत्तरची जाळी गाडीवर थोड्या उंचीवर ताणली तर ऊन एक चतुर्थांशावर येतं आणि वाराही खेळता राहतो. मार्च ते मे यासाठी मला याहून स्वस्त आणि चांगला उपाय माहीत नाही. पावसात जाळीचा उपयोग नाही, तिथे ताडपत्रीच हवी. पण ती सीटवर थेट अंथरू नये. खाली अडकलेली ओल दिवसा वाफ होते, रात्री प्लॅस्टिकला धरून थेंब होते आणि पुन्हा सीटवर पडते. टपाच्या सळ्यांवरून उतार देऊन ताणलेली, बाजूने उघडी ताडपत्री किंवा वाफ बाहेर सोडणारं कापडी कव्हर चालतं. हे हिवाळ्यातही लक्षात ठेवावं. निफाडकडे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा उघड्या जीपवर दव भरपूर पडतं, आणि सकाळचं ऊन त्या ओलीवर पडतं.

नवं आच्छादन शिवून घेणार असाल तर कारागिराशी तीन गोष्टी आधी बोलून घ्या. दोरा पॉलिस्टरचा हवा, सुती दोरा ओलीने कुजतो. बैठकीच्या खोलगट भागात आडवी शिवण किंवा छिद्रांची नक्षी नको, शिवणी कडेला उतरत्या बाजूला घ्याव्यात. आणि फोम व चामड्याच्या मध्ये पाणी अडवणारा पातळ थर घालून फोमला खालून निचऱ्याची वाट ठेवावी. सीटच्या कुशीत एअरबॅग असेल तर त्या बाजूची शिवण मात्र गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेल्या पद्धतीनेच करावी लागते. ती शिवण वेळेवर फाटली नाही तर फुगा बाहेरच येत नाही. रंगाला मुभा असेल तर फिकट तपकिरी निवडा. काळ्यापेक्षा तो कमी तापतो आणि त्यावर धूळही काळ्याइतकी उठून दिसत नाही.