कॅमेरा आणि संगणकाची नाणेफेक

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलच्या संगणकांची मॅकओएस २६ ही प्रणाली आली आणि तिच्यातून फायरवायर, म्हणजे कॅमेरा संगणकाला तारेने जोडायचं तंत्र, गायब झालं. ज्या कंपनीने हे तंत्र घडवण्यात पुढाकार घेतला, तिनेच ते मोडीत काढलं. कपाटात जुन्या लग्नामुंजींच्या मिनीडीव्ही कॅसेटी असतील, तर ही बातमी तुमच्यासाठी आहे. टेपवरचा डिजिटल व्हिडिओ जसाच्या तसा संगणकात उतरवायचा तर सहसा हीच तार लागते.

कॅमकॉर्डर जोडला आणि स्क्रीनवर काहीच उमटलं नाही, की लोक म्हणतात, कॅमेरा गेला. बहुतेकदा तो ठणठणीत असतो. अनेक मॉडेलांत यूएसबीचं सॉकेट फक्त मेमरी कार्डावरच्या फोटोंपुरतं असतं. टेपवरचा व्हिडिओ ‘डीव्ही’ किंवा सोनीच्या भाषेत ‘आय.लिंक’ लिहिलेल्या चार पिनांच्या बारीक सॉकेटातून येतो. शिवाय कॅमेरा ‘प्ले’ किंवा ‘व्हीसीआर’वर हवा. एवढं करूनही दिसत नसेल, तर तारेत काय चालतं ते बघावं लागेल, आणि ते फार सुंदर आहे.

यूएसबीत सूत्रं संगणकाच्या हातात असतात. १९९५ साली आयईईई १३९४ या नावाने प्रमाणित झालेल्या फायरवायरमध्ये सगळी उपकरणं समान. दोन कॅमेरे संगणकाशिवायही थेट जोडता येतात. त्यामुळे तार जोडली की दर वेळी नव्याने प्रमुख ठरवावा लागतो. आधी समोरच्या टोकाकडून येणारा एक ठरावीक व्होल्टेज जाणवतो, म्हणजे पलीकडे कुणीतरी जागं आहे. मग ज्याच्या एकाच सॉकेटात तार आहे तो शेजाऱ्याला कळवतो, ‘तू माझा पालक’. कॅमेरा आणि संगणक दोघंच असले की दोघांनाही एकच शेजारी, आणि दोघंही एकाच क्षणी एकमेकांना पालक ठरवू शकतात. अशा वेळी दोघंही माघार घेतात आणि आपापली नाणेफेक करतात: एक यादृच्छिक बिट. शून्य आलं तर थोडं थांबायचं, एक आलं तर जरा जास्त. जो आधी पुन्हा बोलेल तो मूल, दुसरा प्रमुख. दोघांचं नाणं सारखंच पडलं तर पुन्हा फेक. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी उरकतं.

त्यानंतर क्रमांक वाटले जातात. क्रमांकाला सहा बिट, म्हणजे ६४ शक्यता. त्यातला ६३ हा ‘सर्वांसाठी’ राखीव, म्हणून एका बसवर, म्हणजे तारांनी जोडलेल्या एका जाळ्यात, जास्तीत जास्त ६३ उपकरणं. प्रमुखाला सर्वांत मोठा क्रमांक मिळतो. मग संगणक कॅमेऱ्याच्या रॉममधली, म्हणजे कायमच्या स्मृतीतली, माहिती वाचतो. तिच्या सुरुवातीला षोडशमान पद्धतीत ३१ ३३ ३९ ३४ हे बाइट असतात; आस्कीत, म्हणजे अक्षरांच्या संकेतावलीत, वाचलं तर ‘१३९४’! पुढे ६४ बिटांची ओळख. ही सगळी माहिती नीट वाचता आली तरच कॅमेऱ्याचं नाव झळकतं.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये १३९४ कंट्रोलरच (फायरवायर हाताळणारी चिप) नसेल, तर कॅमेऱ्याला बोल लावू नका. कंट्रोलर आहे पण कॅमेरा नाही, तर तार, मोड किंवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) बघा. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने १३९४चा जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर काढला. तो वेगळा बसवल्यावर अनेक कॅमेरे पुन्हा दिसू लागतात. सहा पिनांचं टोक कुणी उलटं रेटलं असेल, तर मात्र गोष्ट गंभीर. त्यात ३० व्होल्टपर्यंतचा वीजपुरवठा असतो आणि तो डेटाच्या पिनांवर गेला की पोर्टची चिप जळते.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारा ‘फायरवायर ते यूएसबी’ जोड मात्र निव्वळ गंडा आहे. तो फक्त सॉकेटचा आकार बदलतो. पलीकडे यूएसबी असताना नाणेफेक कुणाशी होणार? ‘सर्व कॅमेऱ्यांवर चालते’ हे वाक्य आणि पंचतारांकित रेटिंग बघून तो घेणारे भाबडे की विकणारे निर्ढावलेले, ते ज्याने त्याने ठरवावं.

चालणारा मार्ग साधा आहे: डेस्कटॉप पीसी, त्यात खरा १३९४ कंट्रोलर असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड (पीसीच्या आतल्या खाचेत बसणारं), आणि लिनक्स टाकलं असेल तर ‘डीव्हीग्रॅब’ नावाचा फुकट प्रोग्राम. डिस्कवर तासाला सुमारे १३ जीबी जागा ठेवा, आणि टेप चालू असताना तारेला हात लावू नका. हरवलेलं व्हिडिओचं पॅकेट फायरवायर पुन्हा पाठवत नाही.