मायफळ: नावाचं फळ, माशीचं घर

बाळगुटीच्या डबीत हळकुंड, वेखंड, जायफळ, हिरडा यांच्या सोबतीला एक खडबडीत गोटी असते, सुपारीएवढी किंवा त्याहून लहान. आमची आज्जी सहाणेवर तिचे दोनच वेढे द्यायची. "मायफळ हाय, लई तुरट असतंय," एवढीच तिची ओळख.

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानात मायफळ सहज मिळतं. पण राधानगरीपासून आंबा घाटापर्यंतचं जंगल पालथं घातलं तरी त्याचं झाड सापडणार नाही. ते येतं ओकवर, आणि ओक सह्याद्रीत आपणहून उगवत नाही. भारतातले ओक हिमालयात आणि ईशान्येकडे. मायफळाचा ओक तर आणखी दूरचा, ग्रीस, तुर्कस्तान, सीरिया, इराण इकडच्या डोंगरउतारांवरचा. झुडूप म्हणावं किंवा बुटकं झाड, पानांना दातेरी कडा. फ्रेंच निसर्गअभ्यासक ऑलिव्हिए यांनी १८०१ मध्ये त्याला क्वेर्कस इन्फेक्टोरिया हे नाव दिलं. 'इन्फेक्टोरिया' म्हणजे रंगाच्या कामाचा.

या ओकचे नरफुलोरे तुऱ्यांसारखे लोंबतात आणि पराग वाऱ्यावर जातात. खरं फळ वेगळंच असतं: खवल्यांच्या वाटीत बसलेलं, लांबट, एकबीजी. मग मायफळ काय? ती गाठ आहे. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली एक चिमुकली माशी फांदीच्या कोवळ्या डोळ्यात अंडं घालते. अळी निघाली की भोवतालच्या पेशी भराभर वाढू लागतात. डोळ्यातून फुटायची ती डहाळी राहते बाजूला आणि तयार होतो एक गोळा, मधोमध अळीला खायला मऊ थर आणि बाहेर टणक कवच. घर माशीचं, पण बांधकाम सगळं झाडाचं! मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. सातवीणाच्या पानांवर फोड दिसतात तेही याच जातीचे, फक्त किडा वेगळा. आणि गुटीतली काकडशिंगी? तीही फळ नव्हे, मावा या किडीनं घडवलेली गाठच.

मायफळाचा निम्म्याहून जास्त भाग टॅनिन या तुरट द्रव्याचा असतो. टॅनिन प्रथिनांना धरून बसतं. कच्चं केळं खाल्ल्यावर तोंडाला मिठी बसते ती यामुळेच, लाळेतली प्रथिनं त्यात अडकतात. झाड पानं-सालीत टॅनिन साठवतं ते खाणाऱ्याला नकोसं व्हावं म्हणून. कातडं कमावताना हाच गुण कामी येतो: टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना बांधतं, मग ते कुजत नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ओक परदेशी, हिरडा आपला, रसायन एकाच घराण्यातलं. मायफळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, घातला की काळी शाई होते. युरोपातली कैक शतकांची दस्तऐवजं याच शाईनं लिहिलेली आहेत.

दुकानात निरखून बघा. काही मायफळांना बारीकसं, गोल भोक असतं. त्यातून माशी बाहेर पडलेली असते. अशी मायफळं हलकी, फिकट आणि कमी तुरट. बिनभोकाची जड आणि गडद, जाणकार हीच निवडतात.

तसलं एक मी परवा खलबत्त्यात जपून फोडलं. आत छोटीशी पोकळी होती आणि तिच्यात पंख मिटून वाळलेली माशी.