कोळीवाड्याचा गाव-आराखडा (ठाणे व नवी मुंबई)

कोळीवाड्याचा गाव-आराखडा म्हणजे कोळीवाड्यातल्या लोकांनी स्वतः बसून गावाची हद्द, घरं, गल्ल्या, जेट्टी, मासळी सुकवायच्या जागा, मंदिरं आणि समोरची खाडी हे सगळं एका नकाशावर मांडायचं, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत कुठे काय व्हायला पाहिजे आणि कुठे काहीच व्हायला नको ते ठरवायचं, आणि मग तो कागद घेऊन पालिका, सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), कलेक्टर ऑफिस, मत्स्य विभाग आणि वन विभाग अशा सगळ्यांच्या मागे लागायचं. बिल्डरने आणलेला टॉवरचा प्लॅन आणि त्यावर एका मीटिंगमध्ये घेतलेल्या सह्या म्हणजे गाव-आराखडा नाही, वर बॅनर काहीही लावलेला असो.

ग्रामपंचायत असलेल्या गावात हे काम कागदावर तरी सोपं आहे, 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने ग्रामसभेत आराखडा होतो, तो चांगला होतो का वाईट हा भाग वेगळा, पण बसायला ग्रामसभा असते. ठाणे-नवी मुंबईच्या कोळीवाड्यांचं खरं दुखणं इथेच आहे, गाव महापालिकेत गेलं आणि ग्रामसभाच गेली. ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १ जानेवारी १९९२ ची. शहरांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीत वॉर्ड समित्या आहेत, पण त्यांच्यात हजारो फ्लॅटवाल्यांमध्ये मूठभर कोळीवाड्याचं कोण ऐकणार. त्यामुळे आराखडा करायचा म्हटलं की आधी बैठक कोणाच्या नावाने बोलवायची इथूनच सुरुवात होते, गावकी का मच्छीमार सहकारी सोसायटी का महिला बचत गट, आणि पहिले दोन-तीन महिने त्याच्यातच जातात.

पार्श्वभूमी

ठाणे खाडी साधारण २६ किमी लांबीची. पूर्वेच्या काठावर दिवा (ऐरोलीचं, रेल्वेजंक्शनवालं दिवा नव्हे), गोठिवली, तळवली, घणसोली, जुहूगाव, वाशीगाव, मग खाली सारसोळे, करावे, बेलापूरजवळ दिवाळे अशी गावं, आणि ठाण्यात चेंदणी, कोपरी, विटावा, कळवा, बाळकुम, कोलशेत. आगरी आणि कोळी दोन्ही समाज, शेती, मिठागरं आणि मासेमारी अशी मिळून चालणारी गावं. चेंदणी कोळीवाडा तर रेल्वेच्या दोन्ही बाजूंना आहे, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हापासून शहर त्याच्या अंगावर वाढतंय.

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. पुढे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, जासई-पागोटे भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा बळी, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना (घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित प्लॉट मूळ मालकाला परत), हा इतिहास इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. पण एक गोष्ट कमी बोलली जाते. साडेबारा टक्के मिळाले ते जमीन गेली त्याला, म्हणजे ज्याचं नाव सातबाऱ्यावर होतं त्याला. खाडीला सातबारा नसतो. ज्याचं सगळं पोट डोलीच्या (खाडीत खुंटाला बांधायच्या जाळ्याच्या) खुंटावर आणि ओहोटीला चिखलात मिळणाऱ्या चिंबोऱ्या-निवट्यांवर (खेकडे आणि चिखलातले छोटे मासे) होतं त्याचं काय गेलं हे मोजणारा कागदच कुठे नव्हता. गाव-आराखड्याची खरी गरज इथून निघते, घरं सुंदर करण्यातून नाही.

हद्द

कुठल्याही कोळीवाड्यात पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, आमची हद्द कुठे संपते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार कलेक्टरचा, पण बऱ्याच ठिकाणी ती हद्द जुन्या काळातली आणि कुटुंबं त्यानंतर तीन पिढ्या वाढलेली. पोरांची लग्नं झाली, खोली कमी पडली, मग गावठाणाच्या बाहेर घर बांधलं, ते झालं 'गरजेपोटी बांधलेलं घर', सरकारी भाषेत अनधिकृत. ती नियमित करायची घोषणा दर निवडणुकीला होते. आणि हद्दच पक्की नसेल तर मालमत्ता पत्रक नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही, म्हणून नीट प्लॅन पास करून बांधता येत नाही, म्हणून परत अनधिकृत.

ठाण्यात क्लस्टर, म्हणजे जुनी वस्ती एकत्र पाडून नव्या इमारती बांधायची योजना, कागदोपत्री नागरी पुनरुत्थान योजना, आली तेव्हा गावठाणं आणि कोळीवाडे त्यातून वगळा म्हणून जोरात विरोध झाला. बाहेरच्यांना ते विकासविरोधी वाटलं, पण मुद्दा साधा होता, क्लस्टरमध्ये घराच्या बदल्यात घर मिळतं, अंगणाच्या बदल्यात काही मिळत नाही, आणि कोळ्याचा धंदा अंगणात चालतो. चौदाव्या मजल्यावर जाळं कुठे पसरायचं आणि बोंबील वाळत घातल्यावर वासाच्या तक्रारी कोण ऐकणार. म्हणून आराखड्यात घरांच्या आधी सामायिक जागा मार्क करायच्या असा आग्रह असतो, आणि तो बरोबर आहे.

नकाशा कसा होतो

कन्सल्टंट आला की गूगलवरून फोटो काढतो आणि दुपारी बारा वाजता गाडीतून चक्कर मारतो. गावाने करायचं असेल तर फेरी ओहोटीला काढावी लागते, कारण भरतीला अर्धं गाव दिसतच नाही. चिखलातली पायवाट, होड्या ओढून ठेवायची जागा, कांदळवनातून (मॅन्ग्रोव्हमधून) जेट्टीकडे जाणारा चर, कोणाच्या डोलीचे खुंट कुठे आहेत, हे सगळं तेव्हाच उघडं पडतं. सोबत म्हातारी माणसं पाहिजेत आणि मोबाइलवर जीपीएस लावणारी पोरं पाहिजेत, दोघांपैकी एक नसेल तर काम अर्धं राहतं.

उधाणाच्या खुणा हा सगळ्यात उपयोगाचा भाग. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाऊस लागला की पाणी कोणाच्या ओटीच्या कितव्या पायरीला लागतं ते घरातल्या बाईला तोंडपाठ असतं, तेवढं खडूने भिंतीवर मारत गेलं की गावाचा पूरनकाशा तयार. हे का लागतं तर आजूबाजूचे सेक्टर भराव टाकून उंच केले आणि जुनी गावं खाली राहिली. नवी मुंबईत भरतीचं पाणी अडवायला आणि पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव केलेत, त्यात गाळ साचला आणि कांदळवन उगवलं, आता गाळ काढायचा तर कांदळवन तोडावं लागतं आणि त्याला कोर्टाची परवानगी लागते. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक हिताचं काम असलं तरी कोर्टात गेल्याशिवाय कांदळवनाला हात लावता येत नाही. निकाल चांगलाच आहे, नाहीतर किनाऱ्यावर आज डेब्रिजशिवाय काही उरलं नसतं, पण होडीच्या वाटेपुरता चर मोकळा करायलासुद्धा फाइल फिरवावी लागते हे खरं.

बायकांचा नकाशा वेगळा काढून घ्यायचा, हे न चुकता करायचं. पुरुषांना नकाशा काढायला सांगितला की जेट्टी, मंदिर, सोसायटीचं ऑफिस, पार्किंग एवढं येतं. कोळणींनी काढला की त्यात बर्फ कुठून आणायचा, पाट्या धुवायचा नळ, पहाटे टेम्पो कुठे उभा राहतो, मार्केटातली बसायची जागा, संडास आणि त्याच्या वाटेवरचा बंद पडलेला दिवा, असं सगळं येतं. मासळी पकडणं पुरुषांचं असलं तरी ती विकून घर चालवायचं काम बायकांचं, त्यामुळे मार्केटचा ओटा किती उंच असावा हे आर्किटेक्टने नाही तर तिथे सात-आठ तास बसणारीने सांगायचं असतं.

जाळ्याचंही तसंच. डोल हे लांबलचक पिशवीसारखं जाळं, शिवायला-दुरुस्तीला ते पूर्ण पसरावं लागतं, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते तेव्हा सगळ्यांची जाळी एकदम बाहेर निघतात. वर पाऊस. म्हणजे जागा मोकळीही पाहिजे आणि वर पत्राही पाहिजे. नारळी पौर्णिमेनंतर हीच जागा लग्नाला, होळीला, क्रिकेटला. पालिकेच्या प्लॅनमध्ये अशा जागेला 'गार्डन' म्हणून आरक्षण पडतं, मग कंपाउंड, कारंजं, रात्री नऊला गेट बंद.

कागदाचा आधार

या सगळ्याला कायद्यात अजिबात जागा नाही असं नाही. २०११ च्या सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे केंद्राचे नियम) अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की मच्छीमार गावं, त्यांच्या सामायिक मालमत्ता, जेट्ट्या, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायचे ओटे हे सगळं मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर दाखवा, आणि मच्छीमार कुटुंबांच्या लांब पल्ल्याच्या घरांच्या गरजेसाठी राज्याने आराखडे करा, त्यात पाणी, संडास, आपत्तीची तयारी पण धरा. २०१९ ची अधिसूचना आल्यावर खाडीच्या काठी सीआरझेडची पट्टी १०० मीटरवरून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढी, यातलं कमी असेल ते, अशी झाली. म्हणजे जमीन मोकळी झाली, कोळ्यांसाठी झाली का बिल्डरसाठी हे त्या-त्या गावाची हद्द पक्की आहे का नाही यावर ठरतं.

दुसरी संधी शहराच्या विकास योजनेची. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात प्रारूप योजना छापली की लोकांना हरकती द्यायची मुदत असते आणि सुनावणी होते. नवी मुंबई महापालिकेची पहिली स्वतःची प्रारूप योजना २०२२ साली आली, पालिका होऊन तीस वर्षांनी. अशा वेळी ज्या गावाकडे स्वतःचा नकाशा तयार असतो त्याची हरकत ठोस असते, अमुक सर्व्हे नंबरमध्ये तुम्ही रस्ता टाकलाय तिथे आमच्या होड्या लागतात, हा फोटो, ही मोजणी. बाकीचे एकच टाइप केलेलं पत्र शेकड्याने देतात आणि पालिका एका ओळीत निकाली काढते.

तरी गावाच्या आराखड्याला स्वतःचं कायदेशीर वजन नाही. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकलिझम कायद्याने परिसराचा आराखडा लोकांनी करून मतदानाने मंजूर केला की नगररचना खात्याला तो मानावा लागतो. केरळात १९९६ पासून लोकयोजना आहे, राज्याच्या योजना खर्चातला मोठा हिस्सा, तिसऱ्या भागाहून जास्त, थेट स्थानिक संस्थांकडे दिला. आपल्याकडे आराखडा चांगला असला तरी शेवटी नगरसेवक, आमदार यांच्या निधीतून तुकड्या-तुकड्याने होतो, कुठे जेट्टी, कुठे मार्केटची इमारत, कुठे कमान. कमान सगळ्यात आधी होते.

खाडी

जमिनीपुरता आराखडा केला तर तो कुठल्याही वस्तीचा झाला. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा साठच्या दशकापासून या खाडीच्या काठावर आहे, त्यात शहरांचं सांडपाणी, पुलांचे खांब, भराव, त्यामुळे गाळ चढला आणि मासळी घटली. १९७३ चा वाशीचा पूल, १९९७ चा दुसरा, मग ऐरोलीचा, मग वाशीचा तिसरा. तिसऱ्या पुलाच्या वेळी वाशीगावच्या मच्छीमार सोसायटीने कोर्टात धाव घेतली आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांच्या उपजीविकेच्या नुकसानीची भरपाई द्यायचं धोरण करा असं राज्याला सांगितलं, ते धोरण २०२३ मध्ये आलं. इथे परत नकाशाच कामाला येतो, कोण कुठे मासेमारी करतं याची नोंद ज्यांच्याकडे होती त्यांची बाजू भक्कम.

खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. ऐरोलीहून बोटफेरी निघते, वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतून खेकडापालन, कालवंपालन, शोभेचे मासे असे प्रकल्प सरकारी अनुदानावर गटांना मिळतात. काहींना त्याचा चांगला आधार झाला. मात्र टूरिस्टची बोट चालवणं म्हणजे मासेमारीला पर्याय असं गृहीत धरून गावाचं प्लॅनिंग करू नये, सीझन काही महिन्यांचा आणि पोटं वर्षभराची.

गावातले वाद

गाव एकमुखाने बोलतं हा समज बाहेरच्यांचा. ज्याच्याकडे साडेबारा टक्क्यांचा प्लॉट होता तो आणि ज्याला काहीच नाही तो यांची गरज वेगळी. भाड्याच्या खोल्या हे आता कित्येक घरांचं मुख्य उत्पन्न, त्यामुळे गल्ली रुंद करा म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि स्वतःची पायरी मागे घ्या म्हटलं की मीटिंग संपते. त्या खोल्यांत राहणारे भाडेकरू, काही गावांत मूळ रहिवाशांपेक्षा जास्त, त्यांना बैठकीला कोणी बोलवत नाही, पण गटार त्यांचंही तेच आणि नळही तोच. तरुणांपैकी बरेच नोकरीला लागलेत, खाडीत जाणारे कमी झालेत, मग जेट्टी कोणासाठी असं तेच विचारतात. त्यावर जुन्या तांडेलांचं (होडीच्या म्होरक्यांचं) उत्तर असतं की जेट्टी गेली की किनारा गेला, आणि किनाऱ्यावरचा हक्क गेला की कोळीवाडा म्हणून काही सिद्ध करता येणार नाही. हद्दीच्या मोजणीला तरुण पोरं येतात ती बहुतेक याच कारणाने.