सॉर्बिट्रेट आणि मोनोट्रेट: दोन्ही 'हार्टच्या गोळ्या', पण एकीचं काम दुसरी करत नाही

दोन्ही नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं), दोन्ही अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी, आणि घरात दोन्ही एकाच डब्यात. छातीत दुखायला लागलं की हाताला येईल ती पट्टी फाडायची, हा प्रकार बघून आता वैताग येतो.

सॉर्बिट्रेट बहुतेकांना ठाऊक असते. दुखलं की बसायचं आणि गोळी जिभेखाली ठेवायची. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून भोवळ येते, गिळली तर बरंचसं औषध यकृतातच वाया जातं. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही तर १०८. डॉक्टरांनी दुसरी गोळी सांगितली असेल तर ती फोन लावल्यावर. 'गॅस असेल, बघू थोडा वेळ' हे बंद करा.

मोनोट्रेट गिळायची. ती दुखणं येऊ नये म्हणून असते, आलेलं थांबवायला नाही. इथवर फार कोणी चुकत नाही. घोळ होतो तो वेळेचा.

चिठ्ठीवर 'दिवसातून दोनदा' दिसलं की आपल्याकडे सकाळ-रात्र असाच अर्थ लावतात. अँटिबायोटिकला ते ठीक आहे. पण नायट्रेट चोवीस तास रक्तात राहिलं तर शरीर त्याला सरावतं आणि औषध लागू पडेनासं होतं. म्हणून साधी मोनोट्रेट साधारण सात तासांच्या अंतराने देतात, समजा सकाळी आठ आणि दुपारी तीन. रात्र मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. दुपारची गोळी 'विसरली म्हणून' झोपताना घेणारे नेमकी हीच मोकळी वेळ बुजवतात, आणि मग गोळीच्या नावाने बोटं मोडतात. दीर्घकाळ काम करणारी एसआर गोळी सहसा सकाळी एकदाच असते. ती चावायची किंवा कुटायची नाही. रात्रीच दुखत असेल तर वेळ डॉक्टर बदलतील, शेजारचे काका नाहीत.

सुरुवातीला डोकं दुखतं. त्रासदायक आहे, पण बहुतेकांचं काही दिवसांत कमी होतं. तेवढ्यासाठी परस्पर गोळी बंद करू नका.

एका बाबतीत मात्र दोन्ही सारख्याच. सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा टाडालाफिल या लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्यांसोबत दोन्ही चालत नाहीत, रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. अशी गोळी घेतली असेल तर लाज गुंडाळून ठेवा आणि १०८ च्या डॉक्टरांना आधी तेच सांगा.