गंगथडी: पूर तोच, पीक बदललं

मराठवाड्यात गोदाकाठचा शेतकरी नदीला गोदावरी म्हणत नाही, ‘गंगा’ म्हणतो; काठची काळी जमीन ती गंगथडी. या भारी रानात पूर्वी पुष्कळ ठिकाणी खरीप घेतच नसत. पावसाळाभर वखराच्या पाळ्या घालायच्या आणि पाणी ओसरलं की ओलीवर शाळू, करडई, हरभरा पेरायचा. उघड्या रानाची माती तेव्हाही धुपायचीच, पण उभं पीक पुरात जात नव्हतं.

मग सोयाबीन आलं. ते काढणीला येतं सप्टेंबरच्या शेवटी, नेमकं परतीच्या पावसात. बदलाचं मूळ इथं आहे. पूर काही नवा नाही.

पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी 1965 ची, लोकार्पण 1976 चं. धरण झालं ते सिंचनासाठी. दुष्काळी मुलखात ते लवकर भरलेलंच बरं वाटतं. पण भरलेल्या धरणात वरून येणाऱ्या लोंढ्याला जागा उरत नाही. ऑगस्ट 2006 मध्ये सुमारे अडीच लाख क्युसेक विसर्ग झाला आणि पैठण, गंगाखेड, नांदेडमध्ये पाणी शिरलं. सप्टेंबर 2025 मध्ये तर गोदावरीसोबत सिंदफणा, मांजरा, सीना अशा सगळ्याच फुगल्या.

पिकाचं नुकसान एका हंगामाचं. रान खरडून गेलं की वीतभर काळी जाते, खाली मुरूम उघडा पडतो, ठिबकच्या नळ्या बाभळीला लोंबकळतात आणि विहीर गाळानं बुजते. आपत्ती मदतीच्या निकषांत वाहून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार, तर तीन इंचांहून जाड गाळ साचला तर तो काढायला 18 हजार. अडीच इंच गाळवाल्यानं काय करायचं, हे तलाठ्यालाच विचारावं! 2025 च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतच्या कामांची भर पडली.

पण पैसा आला तरी माती आणायची कुठून? तलावातला गाळ हा एक मार्ग. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना 2017 पासून आहे. मात्र गाळ उपसता येतो तलाव आटल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात. शाळूची पेरणी ऑक्टोबरात. तेव्हा खरडलेलं रान ती रब्बी तरी पडीकच राहतं.