पिस्टन नवा, दुखणं जुनं

टू-स्ट्रोक मोटरसायकलचा जाम झालेला पिस्टन भंगारात टाकण्याआधी एकदा उजेडात धरून बघावा. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर इंजिन चालता चालता भलतंच तापलं. चार ठिकाणी, साधारण सारख्या अंतरावर उभे पट्टे असतील तर पिस्टन फुगला, पण सिलिंडर अजून थंडच होता. कार्बोरेटरच्या बाजूचा भाग घासून राखाडी झाला असेल तर फिल्टरमधून धूळ गेली किंवा तेल कमी पडलं. माथ्याला मधोमध भोकच पडलं असेल, तर हवा-पेट्रोलचं मिश्रण फार पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं होतं किंवा स्पार्क वेळेआधी पडत होता.

एवढं सगळं समोर असताना आमच्याकडे होतं काय, तर ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, उतरवून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत न्यायचा, बोअर मारून, म्हणजे आतून कापून थोडा मोठा करून आणायचा, पुढच्या मापाचा पिस्टन घालायचा आणि गाडी रस्त्यावर. थोड्याच दिवसांत गाडी परत जाम. मग बोअर मारणाऱ्यावर राग, पिस्टन डुप्लिकेट निघाल्याची तक्रार. "नवीन पिस्टन घातलाय की, मग परत का धरतंय?" हा प्रश्न बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठल्याही टू-स्ट्रोकवाल्या गॅरेजात ऐकू येतो. उत्तर बहुतेक वेळा पिस्टनमध्ये नसतंच. ते खाली, क्रँककेसमध्ये असतं, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा क्रँक ज्या बंद पेटीत असतो तिथे.

सीमाभागात टू-स्ट्रोक म्हटलं की पहिलं नाव यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ही गाडी आजही खानापूर, चिकोडीकडची पोरं जिवापाड सांभाळतात. ९८ सीसीचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची एका दिशेची धाव) ५० मिलिमीटर आणि ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर. या आकड्यांचा अर्थ जरा उलगडून बघा. ७५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत पिस्टन एकदा वर, एकदा खाली, म्हणजे १०० मिलिमीटर चालतो. सेकंदाला साडेबारा मीटर, तासाला ४५ किलोमीटर. ही झाली सरासरी. दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबतो, त्यामुळे मधल्या भागात त्याचा वेग ७० किलोमीटरच्या वर जातो. आणि हे सगळं मिलिमीटरच्या तीन-चार शतांश भागाएवढ्या फटीत, तेलाच्या पातळ थरावर.

कॅनडा आणि अमेरिकेत लोक असंच इंजिन घरच्या गॅरेजात उतरवतात, फक्त ते स्नोमोबाइलचं असतं. बर्फावर पट्ट्यावर पळणारी ही गाडी. बोंबार्डियर कंपनीने १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली आणि पुढे कित्येक दशकं या गाड्यांत टू-स्ट्रोकचंच राज्य राहिलं. वजन कमी, ताकद जास्त, भाग मोजके. तिकडे हवा उणे तीस, आमच्याकडे अधिक तीस. तरी त्यांचं इंजिन बांधायचं शास्त्र आणि आमचं शास्त्र एकच आहे, आणि थंडीमुळे त्यातल्या काही गोष्टी तिकडे जास्त ठळक दिसतात.

आधी क्रँककेसकडे येऊ. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची जागा म्हणजे तेलाचा साठा. टू-स्ट्रोकमध्ये ती जागा चक्क पंप असते. ही कल्पना इंग्लंडमधल्या बाथ गावच्या जोसेफ डेची, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीची. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जातं आणि बाजूच्या ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. लोहाराच्या भात्याला भोक पडलं तर आग पेटत नाही, तसंच क्रँककेसला कुठे गळती असेल तर या इंजिनाचा श्वास बिघडतो. फरक एवढाच, की इथे आग विझत नाही, भडकते.

कशी ते बघा. क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक ऑइल सील, म्हणजे गळती अडवणारं रबरी कडं असतं. आरएक्समध्ये डावीकडे मॅग्नेट (स्पार्कसाठी वीज बनवणारं चाक), उजवीकडे क्लच. उजवं सील गेलं तर गिअरचं तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, गिअर ऑइल कमी होतं आणि मालकाला निदान कळतं तरी. डावं सील गेलं की बाहेरची कोरडी हवा आत शिरते. धूर नाही, आवाज नाही. उलट गाडी जरा जोरातच पळते, मालक खूश. मिश्रणात हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, म्हणजे मिश्रण पातळ झालं. कार्बोरेटर मुद्दाम जरा जास्त पेट्रोल देतो, कारण ते जादा पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषतं. तेच कमी झालं की पिस्टनचा माथा तापतो. शिवाय तेल पेट्रोलमध्ये मिसळून येत असेल तर पेट्रोलबरोबर तेलही कमी पडतं. उष्णता वाढली आणि वंगण घटलं, दोन्ही एकदमच.

याची एक खूण गाडी आधीच देत असते. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन पटकन खाली येत नाही, थोडा वेळ वरच रेंगाळतं. लोक आयडलिंगचा स्क्रू पिळून ते "बसवतात". हा स्क्रू नसता तर कित्येक पिस्टन वाचले असते असं मला वाटतं.

गळती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. घरातलं बीपी मोजायचं जुनं उपकरण, घड्याळासारखी डायल असलेलं, इथे झकास चालतं. एक्झॉस्ट आणि इनटेकची तोंडं रबराच्या तुकड्याने आणि पत्र्याने घट्ट बंद करायची. पिस्टन अगदी खाली आणायचा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून सिलिंडर आणि क्रँककेस एकच पोकळी होते. इनटेकच्या पत्र्याला एक नळी बसवून बल्बने हवा भरायची, डायलवर २५० पर्यंत. हा साधारण वातावरणाच्या दाबाच्या एक तृतीयांश एवढा दाब झाला, सीलला सहज पेलतो. मग काटा बघत बसायचं. काही मिनिटं काटा जागचा हलला नाही तर इंजिन धड आहे. सरसर उतरत असेल तर ब्रशने साबणाचं पाणी लावत जायचं: हेडचा जोड, ब्लॉकखालचं गॅस्केट, क्रँककेसच्या दोन फाकांचा जोड, मॅग्नेटमागचं सील. जिथे फेस उठेल तिथे चोर. क्लचच्या बाजूचं सील झाकलेलं असल्यामुळे फेस दिसणार नाही. तिथे गिअर ऑइल भरायचं झाकण उघडून कान लावावा. तेलात बुडबुडे येत असतील तर आवाज येतो. जमल्यास हवा ओढूनही हीच चाचणी करावी, कारण सीलचा ओठ एका दिशेला दाब धरतो आणि दुसऱ्या दिशेला सोडतो, असंही घडतं.

ही चाचणी दोनदा करायची. एकदा खोलण्याआधी आणि एकदा बांधल्यावर, गाडीत चढवण्यापूर्वी. दुसऱ्या वेळचा कंटाळा फार महागात पडतो.

आता ते चार पट्टे. ॲल्युमिनियमचा ५० मिलिमीटरचा पिस्टन तापमान १०० अंशांनी वाढलं की साधारण ०.१० मिलिमीटरने फुगतो. बिडाचा सिलिंडर तेवढ्याच तापमानाला जेमतेम ०.०५५ ने. म्हणजे दोघं सारखेच तापले तरी ०.०४५ मिलिमीटर फट गिळली गेली, आणि आपण मुळात ठेवलेली फटच तेवढी असते. म्हणून पिस्टन दिसतो तसा गोल नसतोच. तो किंचित लंबगोल असतो आणि माथ्याकडे निमुळता, म्हणजे तापल्यावर हवा त्या आकाराला येतो. पण दोघं सारखे तापतील याची हमी काय? स्नोमोबाइलमध्ये ही अडचण रोजची. उणे वीस-तीस अंशांत गाडी चालू करून लगेच थ्रॉटल पिळला की पिस्टन काही सेकंदांत तापतो, सिलिंडर मात्र बर्फासारखा गार. पिस्टन चारही अंगांनी धरतो. आमच्याकडे बर्फ नाही, पण डिसेंबरातल्या सकाळी किक मारली आणि पहिल्याच मिनिटाला सुसाट सुटलं, तर नव्या घट्ट बोअरमध्ये हाच प्रकार छोट्या प्रमाणात होतो.

बोअरिंगबद्दल दोन गोष्टी. उद्यमबागेतली कामं नावाजलेली आहेत, पंप आणि डिझेलच्या लायनरवर हात बसलेली माणसं आहेत तिथे. पण टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात. बोअर मारल्यावर त्या पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. पिस्टनवरची रिंग प्रत्येक फेरीत त्यावरून जाते, थोडीशी बाहेर फुगते आणि कडेला अडकली की तुटते. म्हणून होनिंगनंतर, म्हणजे बोअर दगडाने घासून झाल्यावर, पोर्टच्या कडा बारीक दगडाने हलक्या मोडून घ्यायच्या. हे काम सांगावं लागतं, आपणहून कोणी करत नाही. दुसरं, होनिंगची बारीक पूड पेट्रोलने निघत नाही. ती बिडाच्या ओरखड्यांत रुतून बसते. गरम पाणी, साबण आणि ब्रश हाच उपाय, पांढरं फडकं फिरवल्यावर काळं होत नाही तोपर्यंत. आणि धुतल्यावर लगेच पुसून तेल लावायचं. आमच्या पावसाळ्यात उघडं बीड बघता बघता गंजतं.

क्रँक हे मात्र घरी करायचं काम नाही. तो अखंड नसतो, दोन चकत्या आणि मधली पिन प्रेसने दाबून जोडलेल्या असतात. पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड बदलायचा तर हायड्रॉलिक प्रेस, आणि नंतर डायल गेजवर फिरवून तो सरळ आहे की नाही ते बघणं हवंच. हातोड्याने ठोकून सरळ केलेला क्रँक नवं सील लवकर खातो, आणि आपण फिरून त्याच गळतीपाशी येतो.

बेअरिंग बसवायला मात्र घरची सोय उत्तम. क्रँककेसची फाक साधारण १०० अंशांपर्यंत तापवली तर ५० मिलिमीटरची खाच जवळजवळ एक दशांश मिलिमीटरने मोठी होते. बेअरिंग रात्रभर फ्रिजरमध्ये ठेवलेलं असेल तर ते ठोकावं लागत नाही, बोटाने सोडलं की टक करून बसतं. फ्रिजरमधल्या मटारांशेजारी बेअरिंग ठेवण्यावरून घरात काय ऐकावं लागतं, तो भाग वेगळा. सील मात्र गार झाल्यावरच बसवावं.

बाकी जोडणीत चूक होण्यासारख्या जागा थोड्या. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांवर, पिस्टनची पिन अडवणारी सर्क्लिप नवी. ती लावताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचं, नाहीतर उडालेली क्लिप आत गेली की पुन्हा पहिल्यापासून.

इंजिन गाडीत चढल्यावर प्रश्न उरतो तो हवेचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. इथली हवा पणजीपेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ. इथे ट्यून केलेली गाडी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेली की तिला तेवढ्याच टक्क्यांनी जास्त दाट हवा मिळते. कार्बोरेटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही. पेट्रोल ओढलं जातं ते दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने, त्यामुळे हवा आठ टक्के वाढली तर पेट्रोल चारच टक्के वाढतं. गोव्याच्या उकाड्याने त्यातलं थोडं भरून निघतं, सगळं नाही. उणे तीसला स्नोमोबाइलच्या हवेचं वजन आपल्या तीस अंशांच्या हवेपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त असतं, म्हणून तिकडचे लोक थंडी वाढली की मोठा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी, घालतात.

भरीस भर पेट्रोल. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका किलोला १४.७ किलो, याला साधारण साडेतेरा. जुना जेट तेवढंच पेट्रोल सोडतो, म्हणजे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी आपोआप पातळ. जिल्हाभर ऊस, कारखाने, डिस्टिलऱ्या, त्यामुळे इथेनॉलला नाव ठेवायची आमच्याकडे चोरी, पण नव्वदच्या दशकातल्या कार्बोरेटरला याची कल्पना नव्हती. मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालून बघणं हा साधा इलाज. भीतीपोटी टाकीत दुप्पट ऑइल ओतण्याने उलटंच होतं. तेल वाढलं की त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण आणखी पातळ होतं. पहिल्या टाकीला थोडं जास्त ऑइल ठीक, त्यापुढे नाही.

नव्या इंजिनावर चोर्ला उतरणारच असाल तर चढापेक्षा उताराची काळजी घ्या. थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये, चाकं इंजिनाला जोरात फिरवतायत आणि पेट्रोल जवळजवळ शून्य. तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असेल तर तेलही शून्य. आरएक्सचा ऑइल पंप शाबूत असला तरी तो थ्रॉटलच्या केबलला जोडलेला, त्यामुळे बंद थ्रॉटलला तोही हात आखडता घेतो. म्हणून उतारावर अधूनमधून क्लच ओढून एकदा थ्रॉटल द्यावा. आणि घाटाखाली गोव्यातल्या साखळी गावाच्या आसपास, सपाटीवर एखादा किलोमीटर दमाने पळवून, क्लच ओढून तिथेच इंजिन बंद करावं आणि प्लग काढून बघावा. कॉफीच्या रंगाचा असेल तर पणजीला जा. पांढरा पडला असेल तर मोठा जेट घाला, आणि तो जवळ नसेल तर थ्रॉटल निम्म्यावर ठेवून हळू जा.