‘रोझ’ हा ‘बोन’चा पहिला भाग नव्हे

गेल्या महिन्यात म्हापशाहून भाच्याचा फोन आला. ‘मामा, पयलें खंयचें वाचूं?’ समोर दोन पुस्तकं होती, जेफ स्मिथच्या ‘बोन’ या कॉमिक्स-मालिकेचा पहिला खंड आणि तिची पूर्वकथा ‘रोझ’. ‘रोझ’वर विकणाऱ्याने ‘भाग ०’ अशी चिठ्ठी डकवलेली. मी म्हटलं, आधी ती चिठ्ठी काढ आणि मग ‘बोन’ उघड. पण शून्य एकाच्या आधी येतो हे त्याला शाळेत शिकवलंय. त्याने ‘रोझ’ आधी वाचलं आणि चार दिवसांनी निकाल दिला: चित्रं छान आहेत, पण लोक हे एवढं डोक्यावर का घेतात?

चूक पोराची नाही. चूक त्या चिठ्ठीची, आणि ‘प्रीक्वेल’, म्हणजे पूर्वकथा, हा ‘पहिला भाग’च असं समजून परीक्षणं लिहिणाऱ्यांची.

‘बोन’बद्दल इथे लांबण लावत नाही. १९९१ ते २००४, ५५ अंक, नऊ खंड. बोनव्हिलमधून हाकललेले तीन चुलतभाऊ, एक दरी, भुकेले आणि बिनडोक उंदीरप्राणी, आणि गाईंबरोबर पायी शर्यत लावणारी बेनआजी. ‘रोझ’ २००० ते २००२ या काळात तीन अंकांत आलं. लेखन स्मिथचंच, पण चित्रं चार्ल्स व्हेसची. गोष्ट त्या आजीच्या तरुणपणाची.

अशा शब्दांचे बाकीचे घोळ किरकोळ आहेत. जुनीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली तर तो रिबूट. बाजूचं पात्र उचलून त्याचा वेगळा संसार मांडला तर स्पिनऑफ. यांत गफलत झाली तरी वाचकाचं काही बिघडत नाही. ‘पूर्वकथा’ आणि ‘पहिला भाग’ यांची अदलाबदल झाली की मात्र अख्खी मालिका नासते.

पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहिलेल्याला हे पटकन कळेल. आधी पूर्वरंग होतो. गणपती येतो, सरस्वती येते, संकासूर वेद पळवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. मग आख्यान लागतं. पूर्वरंग आधी पाहायचा असतो, पण आख्यानातल्या राजाराणीच्या आयुष्यात तो आधी घडलेला नसतो. त्यांचा आणि संकासुराचा काडीचा संबंध नाही. पूर्वकथेचं याच्या अगदी उलट असतं. ती पात्रांच्या आयुष्यात आधी घडलेली असते आणि आपण ती नंतर ऐकायची असते. दोन्हीकडे ‘पूर्व’ लागतो, तिथेच लोक फसतात.

तरी कोणी म्हणतोच, काळाच्या क्रमाने वाचलेलं काय वाईट? त्याला मी रामायण काढायला सांगतो. वाल्मीकींचा रावण युद्धकांडात मरतो. त्याचा जन्म, तप, वर, दिग्विजय हे सगळं सविस्तर येतं ते त्यानंतर, उत्तरकांडात, अगस्त्यांच्या तोंडून. तिथेच राम विचारतो, की मारुती एवढा बलवान होता तर सुग्रीवासाठी त्याने वालीला तेव्हाच का नाही जाळून टाकलं? मग अगस्त्य मारुतीचं बालपण सांगतात, ऋषींचा शाप सांगतात, कोणी आठवण करून देईपर्यंत त्याला स्वतःचं बळ कसं आठवत नसे ते सांगतात. हा प्रश्न कोणाला पडू शकतो? ज्याने किष्किंधेपासून लंकेपर्यंत मारुतीला पाहिलंय त्यालाच. बालकांडाच्या आधी हे सांगितलं असतं तर ती एका दांडग्या पोराची गंमत म्हणून कानावरून गेली असती. पूर्वकथा हे उत्तर असतं, आणि प्रश्न मूळ गोष्टीत तयार होतो.

‘रोझ’ तसंच उत्तर आहे. ‘बोन’च्या सुरुवातीला बेनआजी म्हणजे खेड्यातली खमकी म्हातारी, गाई राखणारी आणि नातीवर, थॉर्नवर, डोळा ठेवणारी. ती काहीतरी लपवतेय हे हळूहळू जाणवायला लागतं. काय लपवतेय ते मी सांगणार नाही. त्या लपवण्यावरच सुरुवातीचे खंड उभे आहेत. ‘रोझ’मध्ये तो पडदा सुरुवातीपासूनच वर असतो. लेखक तिथे काहीच फोडत नाही, कारण वाचकाला हे ठाऊक आहे असं धरूनच तो लिहितोय. भाच्याने आधी ते वाचलं म्हणजे उत्तरपत्रिका पाठ केली आणि मग प्रश्नपत्रिका हातात घेतली.

यावर एक हुशार मुद्दा निघतो, की ‘रोझ’ २००२ मध्ये पूर्ण झालं, ‘बोन’ २००४ मध्ये संपलं, म्हणजे त्या काळच्या वाचकांनी मधेच वाचलं ना? वाचलं. पण तोवर आजीचं गुपित मूळ मालिकेत केव्हाच फुटलं होतं. ते फुटल्यावर कधीही वाचा, माझी हरकत नाही. माझी आवड विचाराल तर नऊही खंड संपल्यावर.

परीक्षणांत दोन तक्रारी सारख्या दिसतात. पहिली, ‘शेवट आधीच ठाऊक असतो.’ अहो, आजी ‘बोन’मध्ये जिवंत आहे म्हणजे तरुण रोझ मरत नाही, एवढं कळायला परीक्षक कशाला हवा? अभिजात नाटक पाहायला जाणाऱ्यालाही शेवट ठाऊक असतो. दुसरी, ‘पात्रांची नीट ओळख करून दिलेली नाही.’ ही तक्रार करणारा स्वतःच कबूल करतो की त्याने ते पहिला भाग समजून वाचलं. लग्नात उशिरा पोचलेल्याने अंतरपाट कुठे आहे म्हणून विचारावं, तसं.

मग ‘रोझ’ला दोष नाहीतच? आहेत, पण ते दुसरीकडे. तरुण रोझच्या हातून चूक होते, एक ड्रॅगन मोकळा सुटतो, आणि ती चूक निस्तरायला तिलाच निघावं लागतं. कथा सरळ आणि गंभीर आहे, जरा जास्तच गंभीर. बोनबंधू त्यात नाहीत, त्यामुळे ‘बोन’मधला भीती आणि हसू यांचा झोका इथे एकाच बाजूला अडकतो. भर संकटात कीशचा, म्हणजे अंड्याच्या खमंग पायचा, हट्ट धरणारे ते दोन उंदीरप्राणी मला फार आठवले. भाषाही थोडी पोथीबंद वाटते.

चित्रांबद्दल मात्र भाच्याशी मी सहमत आहे. स्मिथचा कुंचला जाडसर, काळापांढरा, पात्राच्या नुसत्या भुवईने हसवणारा. व्हेसची पानं रंगवलेली, जुन्या परीकथांच्या पुस्तकांसारखी. झाडांच्या मुळ्यांत, खडकांत तो रमतो. या कामासाठी त्याला २००२ चं आयस्नर हे कॉमिक्समधलं मानाचं पारितोषिक मिळालं. काहींना हा बदल खुपतो. मला तो योग्य वाटतो, कारण म्हाताऱ्या माणसाला आपलं तरुणपण असंच दिसत असावं, खऱ्यापेक्षा जास्त हिरवं.

‘रोझ’ मिटल्यावर मी पुन्हा गाईंच्या शर्यतीचा खंड काढला. पहिल्यांदा वाचताना त्या म्हातारीच्या धावण्यावर पोट धरून हसलो होतो. या वेळीही हसलो, पण ती शर्यतीसाठी पदर खोचल्यासारखी सरसावते त्या पानावर बराच वेळ थांबलो. भाच्याला परवा तेच पान दाखवलं. तो म्हणाला, ‘म्हातारी धावते, मग?’